पावसातली उचल, उन्हातला हिशेब

भाद्रपदात शहापूर आणि मुरबाड हे तालुके पाहत राहावेत असे असतात. माहुलीचे सुळके ढगात बुडालेले, ओहोळ दुथडी भरलेले, शेणवे गावाच्या आजूबाजूच्या खाचरांत भात पोटरीला आलेलं. याच दिवसांत पाड्यावरच्या घरातली कणगी मात्र तळाला गेलेली असते. आवणीची मजुरी जुलैअखेर संपली, नवं भात दिवाळीच्या तोंडावर हाती येणार, मधल्या काळात हाताला काम नाही. वर गौरी-गणपतीचा खर्च, पोराचा ताप, गळकं छप्पर, दुकानाची उधारी. नेमका तेव्हाच वीटभट्टीचा किंवा बागायतदाराचा मुकादम पाड्यावर येतो आणि रोख पैसे पुढे करतो.

हा बयाणा, म्हणजेच उचल. बोली तोंडी, पावती नाही, दर ठरतो तोही मोघम. त्या संध्याकाळी चूल पेटते. दिवाळीनंतर मळणी आटोपली की नवरा-बायको, पोरं, भांडी, कोंबड्या असं अख्खं घर गाडीत बसतं आणि शिमग्याला चार दिवस परतण्याचा अपवाद सोडला तर थेट पावसाच्या तोंडावर माघारी येतं. मधले सहा-सात महिने ते पैसे फिटत असतात.

या पट्ट्यातले कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली पावसाळ्यात शेतमजूर असतात. काहींची स्वतःची थोडी वरकस जमीन असते, त्यावर नाचणी-वरई होते. कातकऱ्यांमध्ये बहुतेकांकडे तीही नाही. कोरड्या हंगामात हीच माणसं भिवंडी, कल्याण, पडघा, वाशिंदच्या वीटभट्ट्यांवर जातात, कुणी भाजीपाल्याच्या वाड्यांवर राबतं, कुणी माळशेज घाट चढून जुन्नरच्या बागायतीत पोचतं. पलीकडे नारायणगावात तर पहाटे मजुरांचा बाजारच भरतो. आंबेगाव, जुन्नर, अकोले तालुक्यांतले आदिवासी तिथे उभे असतात आणि शेतकरी त्यांना दिवसाच्या बोलीवर घेऊन जातात. सरकारी कागदावर शेतमजूर वेगळा, भट्टीकामगार वेगळा आणि स्थलांतरित आणखी वेगळा. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठीच केला गेला होता. शेणव्याहून भिवंडीला गेलेला माणूस त्यात बसतच नव्हता.

तणाव म्हटलं की शहरातलं ऑफिस आणि लोकलची गर्दी डोळ्यांपुढे येते. मजुराच्या बाबतीत आपण कष्ट, गरिबी, उपासमार हे शब्द सहज वापरतो, पण त्याच्या मनावरचा ताण हा आरोग्याचा प्रश्न आहे असं म्हणायला अडखळतो. वैद्यकशास्त्रानंही त्याकडे उशिराच पाहिलं. अमेरिकेत मेक्सिकोतून येणाऱ्या शेतमजुरांसाठी मानसशास्त्रज्ञ जोसेफ होवी यांनी २००० च्या सुमारास ३९ मुद्द्यांची प्रश्नावली तयार केली. पुढचं काम मिळेल का, राहायची जागा कशी आहे, घरच्यांपासून किती लांब आहात, मुलांच्या शाळेचं काय, अडचणीत कुणाशी बोलता येतं का, अशा विषयांवरचे ते प्रश्न आहेत. ओहायो आणि मिशिगनमधल्या मजुरांच्या अभ्यासात त्यांना दिसलं की ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांच्यात चिंता आणि नैराश्याची लक्षणंही जास्त. परकी भाषा आणि परका देश हे मुद्दे वगळले, तर ही प्रश्नावली पडघ्याच्या भट्टीवर जशीच्या तशी विचारता येईल. फक्त एक प्रश्न सर्वांत वर घालावा लागेल: उचल किती आहे आणि फिटली किती, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

शरीरात काय घडतं ते पाहू. धोका समोर आला की मेंदूकडून निरोप जातो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतात. हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते, पचनासारखी कामं मागे पडतात. साप दिसल्यावर मागे उडी मारायला ही व्यवस्था उत्तम आहे. शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापलेल्या एका छोट्या टिपणातून ताणाच्या या अभ्यासाची सुरुवात झाली. पुढे १९९३ मध्ये ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी दुसरी बाजू मांडली. धोका जातच नसेल, तर हीच व्यवस्था शरीराला झिजवते. जू रात्रीही उतरवलं नाही तर बैलाची मान सुजते, तसा हा साचत जाणारा भार असतो. त्यानं झोप उडते, रक्तदाब चढलेला राहतो, रोगांशी लढण्याची ताकद घटते, जुनी दुखणी बळावतात.

सगळ्याच कष्टांनी हा भार सारखा साचत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर अनेक वर्षं चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की खालच्या हुद्द्यावरच्यांना हृदयविकाराचा धोका वरच्यांपेक्षा जास्त होता, आणि स्वतःच्या कामावर ताबा नसणं हे त्याचं एक मोठं कारण होतं. ती सगळी पगारी, पंखा-खुर्चीची नोकरदार मंडळी होती. आता भट्टीवरच्या जोडप्याकडे पाहा. मध्यरात्रीनंतर उठून गारा मळायचा, उन्हं चढेपर्यंत विटा थापायच्या. मजुरी हजार विटांमागे. हातात दर आठवड्याला फक्त खर्ची पडते, तीतून मीठ-मिरची आणि तांदूळ घ्यायचे. बाकीचं सगळं शेठच्या वहीत. अवकाळी पाऊस आला आणि कच्च्या विटा भिजल्या तर ते नुकसान कुणाच्या नावावर पडेल, आजारपणातले दिवस कसे धरले जातील, मध्येच दवाखान्यासाठी घेतलेले पैसे किती मांडले, हे जेठात हिशेब होईपर्यंत कळत नाही. कित्येकदा हिशेबाच्या दिवशी हाती काही येत नाही, उलट बाकी निघते आणि पुढच्या वर्षीची भट्टी आधीच ठरून जाते. कष्टांची या माणसांना सवय आहे. पोखरतं ते हे न कळणं.

तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तो २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. ४६४ शेतकऱ्यांना त्यांनी दोनदा बौद्धिक चाचणीचे प्रश्न दिले, एकदा ऊस जाण्याआधी हात तंग असताना आणि एकदा पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांत त्याचे गुण ठळकपणे कमी आले. पैशाची विवंचना डोक्यातली इतकी जागा व्यापते की दूरचा विचार करायला जागाच उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो शेणव्याच्या भाद्रपदाला लावून पाहावा. वर्षातला सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार, अख्ख्या कुटुंबाच्या सात महिन्यांच्या श्रमाचा सौदा, हा माणूस वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात करतो. मुकादम आषाढात येत नाही, दिवाळीत भात घरात असताना येत नाही. तो बरोबर कणगी रिकामी असताना येतो. अज्ञान, व्यसन, उधळेपणा ही कारणं गाववाले आणि कधीकधी अधिकारीही चटकन सांगतात. त्यांनी आधी पंचांग पाहावं.

बायकांवर हा भार दुहेरी पडतो. भट्टीवर आणि बागेत मजूर जोडीनं मोजला जातो, त्यामुळे लहान वयात लग्न लावून देण्याला या व्यवस्थेतूनच उत्तेजन मिळतं. कोवळ्या वयात गरोदरपण येतं, तेही अंगात रक्त नसताना. भट्टीवरचा भोंगा म्हणजे वाकून आत शिरावं लागेल एवढी तात्पुरती झोपडी. तिथे आडोसा नाही, शौचालय नाही. दिवसभर लघवी तुंबवायची म्हणून बाई पाणीच कमी पिते, मग जळजळ आणि ताप. भूक मारायला मशेरी आणि तंबाखू. पुरुषाच्या अंगातला शीण आणि डोक्यातला घोर संध्याकाळी दारूच्या पिशवीत शिरतो आणि त्याचा हिशेब पुन्हा बाईच्या पाठीवर निघतो. गावातली आशाताई तिला ओळखते, वजन-गोळ्यांची आठवण करते. भट्टीवर तिला ओळखणारं कुणी नसतं. बाळाचं लसीकरण, अंगणवाडीचा आहार, गरोदरपणातली तपासणी, सगळं निघाल्या दिवशी तुटतं.

इथल्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना उठतात. अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, थंडी आणि मनाचा ताण ही अशा झटक्याची ओळखीची निमित्तं आहेत, आणि स्थलांतरात ती चारही एकत्र येतात. क्षयरोगाचंही तसंच. अर्धपोटी शरीरात त्याला वाट मिळते, औषध सुरू झालं तरी कुटुंब हललं की गोळ्या खंडित होतात. झारखंडमधल्या ‘राशन्स’ या मोठ्या चाचणीत रुग्णाच्या कुटुंबीयांना चांगला शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले नवे क्षयरुग्ण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. हे २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. औषधाच्या गोळीइतकीच तूरडाळीची पिशवी कामाची ठरली.

ताणाचा माग शरीरावर किती खोल जाऊ शकतो, हे महाराष्ट्रानं बीडमध्ये पाहिलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत, ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे जवळपास दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशभराचं हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. यात खासगी दवाखान्यांची नफेखोरी आहेच. पण बाई शस्त्रक्रियेला तयार का होते, याचं उत्तर फडात आहे. पाळीत किंवा पोटदुखीत एक दिवस बसलं तर खाडा पडतो, त्याचा दंड उचलीत चढतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असल्यानं एकीच्या खाड्यानं दोघांचं काम अडतं. दंडाच्या धाकानं शरीराचा एक अवयवच नकोसा होतो. बीडचा फड आणि ठाण्याची भट्टी यांत अंतर बरंच आहे, उचलीचा धागा एकच.

आणि हा धागा जुना आहे. १९३६ च्या आदेशानं ब्रिटिश सरकारनं ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि शहापूर तालुके, मोखाडा आणि उंबरगाव हे पेटे (लहान तालुके) अंशतः वगळलेला, म्हणजे नेहमीचे कायदे थेट लागू न होणारा, प्रदेश ठरवले. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानं मुंबई प्रांतातल्या अशा भागांची पाहणी करून १९३९ च्या अहवालात आदिवासींची वेठ, सावकारी आणि छळ नोंदवला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी जन्मभर राबणारा लग्नगडी त्या काळात जिल्ह्यात सर्रास होता. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिच्यापाठोपाठ गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव पेटला. वेठबिगार रद्द करणारा कायदा १९७६ चा. विवेक पंडित यांच्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेनं पुढे याच जिल्ह्यात वेठबिगारांची मुक्तता केली आणि भट्ट्यांवरच्या पोरांसाठी भोंगा शाळा चालवल्या.

तरीही २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका शेतमजुरानं आयुष्य संपवलं. मुलाच्या कफनासाठी त्यानं ५०० रुपये उसने घेतले होते आणि ते फेडायला तो महिनोन् महिने शेतमालकाकडे राबत होता, अशी फिर्याद नोंदली गेली. मालकावर वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पुत्रशोक झालेल्या बापाला त्या काळात कुणी एक शब्द विचारला असेल का, हा प्रश्न हे लिहिताना पाठ सोडत नाही.

मनाच्या आजारांची मोजदाद आपल्याकडे किती तोकडी आहे पाहा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. ठाण्याचं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं आहे, पण पाड्यावरची बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत दवाखान्यात येत नाही. ती सांगते डोकं जड झालंय, हातापायांत जीव नाही, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही. तिला वेदनाशामक गोळी आणि टॉनिक मिळतं. डॉक्टरही काय करतील, बाहेर रांग लागलेली असते.

यावर उपाय आहेत आणि ते महाराष्ट्र-गोव्यातच सिद्ध झाले आहेत. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गोव्यात सुरू केलेल्या ‘संगत’ संस्थेनं दाखवलं की मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी दिलेलं समुपदेशन नैराश्यावर गुण देतं. याच विचारानं अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलायला सुरुवात केली, गरज असेल त्याला समुपदेशक आणि डॉक्टरांशी जोडून दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, प्रकल्पानंतर ते २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक भट्टीच्या पाण्याच्या टाकीवर रंगवायला एक डबा रंग पुरेल.

पण समुपदेशक कितीही चांगला असला तरी शेठच्या वहीतली बाकी तो पुसू शकत नाही. या आजाराचा अर्धा इलाज दवाखान्याबाहेर आहे, आणि त्यातला बराचसा जुनाच आहे. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ पासून याच रिकाम्या महिन्यांसाठी होती, पावसाळ्यात आदिवासीनं सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून. पुढे ती बंद पडली. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती अनुदान म्हणून एका वर्षापुरती परत आली. साडेअकरा लाख कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपानं. निर्णय २०२० च्या पावसाळ्यातला, मदत अनेकांपर्यंत पोचली ती २०२१ उजाडल्यावर. भाद्रपदाची मदत पुढच्या वर्षी मिळाली तर तोवर मुकादम येऊन गेलेला असतो.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. त्यांना अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला ३५ किलो धान्य मिळायला हवं आणि आता ते देशात कुठेही उचलता येतं. भट्टीवर हे कार्ड चालतं का, हे तपासायला पुरवठा निरीक्षकानं हंगामात एक फेरी मारली तरी खर्चीवरचा बोजा हलका होईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत आदिम जमातींसाठी फिरते दवाखाने आहेत. ते डिसेंबर ते मे या काळात रिकाम्या पाड्यांवर फिरण्यापेक्षा पडघा-वाशिंदच्या भट्ट्यांकडे वळवले पाहिजेत.

शहापूरमध्येच एक वेगळी वाटही निघाली आहे. इथल्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या माध्यमातून जंगलातली गुळवेल गोळा करून, वाळवून, पूड करून विकायला सुरुवात केली. वनधन योजनेची जोड मिळाली, करोनाकाळात मागणी वाढली आणि डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून मोठी मागणी आली. गुळवेलीचे पैसे सगळ्या पाड्यांना पुरणार नाहीत हे उघड आहे. पण ज्या घरात भाद्रपदात असे थोडे रोख पैसे असतात, त्या घराला मुकादमाशी दर ठरवून बोलता येतं, उचल कमी घेता येते, पावती मागता येते, आणि एखाद्या वर्षी यायचं नाही असंही सांगता येतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन नोंदलं जातं. त्याच कागदावर आणखी चार ओळी हव्यात: यंदा कुठे गेला होता, किती महिने, उचल किती बाकी आहे, झोप लागते का. जूनमध्ये माणसं परततात तेव्हा आशाताईनं हे विचारलं, तर कुठल्या भट्टीवरून आलेल्यांचा रक्तदाब चढलेला आहे, कुठल्या बागेतून आलेल्या बायका पांढऱ्याफटक पडल्या आहेत, हे ऑगस्टपर्यंत तहसीलदाराच्या टेबलावर येऊ शकेल. मुकादम पाड्यावर पोचायच्या आधी.